खोकता येणं हीसुद्धा रिकव्हरीच आहे

मणक्याला मार बसलेल्या माणसाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चालायला कधी लागणार?" घरचे विचारतात, ओळखीचे विचारतात, बातमी देणारे विचारतात, आणि हल्ली संशोधनाला पैसा देणारेही हेच विचारतात. कुणी यंत्राच्या आधाराने चार पावलं टाकली की तो व्हिडिओ जगभर फिरतो, त्यात वाईट काही नाही, मलाही तो बघून भरून येतं. पण त्याच्या मागोमाग जो वाद सुरू होतो तो मात्र मला अस्वस्थ करतो. इतकी हुशार माणसं वीस-वीस वर्षं उंदरांचा श्वास का मोजत बसलीयेत, श्वासासाठी व्हेंटिलेटर आहे ना, मग हे डोकं आणि हा पैसा पायांकडे का वळवत नाहीत, आणि वर हेच लोक आठवड्यातले इतके तास विद्यार्थ्यांना शिकवण्यात घालवतात ते कशासाठी? दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं, पण मणक्याला मार बसल्यावर श्वासाचं नेमकं काय होतं हे त्यात कुणी सांगतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. श्वास परत मिळवण्यावरचं संशोधन दुय्यम नाही, आणि ते करणाऱ्या माणसाने वर्गात आणि वॉर्डात उभं राहून शिकवणं हा त्याच्या कामातला वाया गेलेला वेळ नाही. मी फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं याचं शास्त्र, शिकवते, त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा करत नाही. पण माझी बाजू मी कशावरून घेतेय ते तरी बघा.

श्वासाची लय मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला, मेडुलात तयार होते. तिथून निघालेला आदेश मज्जारज्जूतून खाली उतरतो आणि मानेत सी-३, सी-४, सी-५ (मानेतल्या पातळ्यांचे वरून खाली मोजलेले आकडे) या पातळीवरच्या पेशींपर्यंत पोचतो, तिथून निघणारी फ्रेनिक नर्व्ह डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, हलवते. बरगड्यांमधले स्नायू त्याच्या खाली, छातीच्या पातळीवरून चालतात आणि पोटाचे स्नायू आणखी खालून. आता समजा मज्जारज्जू पूर्ण निकामी करणारा मार सी-२ ला बसला, तर आदेश डायफ्रामपर्यंत पोचतच नाही, लगेच कुणी श्वास दिला नाही तर माणूस तिथल्या तिथे गुदमरतो. पण समजा तसाच मार सी-६ ला बसला, तर डायफ्राम चालू असतो, माणूस स्वतः श्वास घेतो, बोलतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की श्वासाचं काही बिघडलेलं नाही. बिघडलेलं असतं. बरगड्या आणि पोट दोन्ही गेलेले असतात आणि त्यामुळे त्याला नीट खोकता येत नाही. खोकल्याला जोर पोटाचा लागतो. साधी सर्दी झाली तरी कफ आतच साचतो, फुप्फुसाचा एखादा भाग बसतो, मग न्यूमोनिया. जगात आज दीड कोटीहून जास्त लोक मणक्याच्या इंज्युरीसह जगतायत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि या लोकांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांमध्ये श्वसनाचे आजार कायम वरच्या जागी राहिलेत. नुसतं चालता येत नाही म्हणून कुणी मरत नाही, कफ काढता आला नाही म्हणून माणसं मरतात.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात सरळ म्हणणं घेऊ. व्हेंटिलेटर आहे, तो जीव वाचवतो, म्हणजे प्रश्न सुटला, जिथे काहीच नाही तिथे पैसा लावा. यातला पहिला अर्धा भाग मी मनापासून मान्य करते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये श्वास बंद पडलेले रुग्ण इतक्या संख्येने येत होते की तिथली मोजकी यंत्रं पुरणं शक्यच नव्हतं, आणि असे बहुतेक रुग्ण दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला, आणि मुलगी वाचली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि दिवस-रात्र, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. आजचं आयसीयू ज्यातून उभं राहिलं ती ही घटना, त्यामुळे यंत्राने श्वास देण्याला कमी लेखायचं माझ्या मनातही येणार नाही.

पण जीव वाचला म्हणजे प्रश्न सुटला का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रेन डेड अवयवदात्यांच्या डायफ्रामचे तुकडे तपासले गेले. हे लोक फक्त १८ ते ६९ तास पूर्णपणे व्हेंटिलेटरवर होते, आणि तेवढ्यात त्यांच्या डायफ्रामचे तंतू तुलनेसाठी घेतलेल्या लोकांच्या तंतूंपेक्षा अर्ध्याहून बारीक झाले होते. म्हणजे जे यंत्र श्वास देतं तेच यंत्र श्वासाचा स्नायू झिजवतं, आणि जितका जास्त वेळ लावाल तितकं त्यातून बाहेर पडणं अवघड होत जातं. मग वर्षानुवर्षं त्या नळीसोबत जगणाऱ्या माणसाचं काय होत असेल? बोलणं यंत्राच्या फेऱ्यावर अवलंबून, हवा नाकातून जातच नाही म्हणून वास येत नाही, दिवसातून कितीदा तरी कुणीतरी कफ ओढून काढणारी सक्शनची नळी आत घालतं, आणि झोपेतसुद्धा मनात एकच भीती की ट्यूब सुटली आणि शेजारच्या माणसाला कळलं नाही तर. याला सुटलेला प्रश्न म्हणायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारून यावं लागेल.

"मग पेसर आहे की", असंही म्हणतात. पेसर म्हणजे करंट देऊन डायफ्राम हलवणारं यंत्र. आहे, आणि चांगली गोष्ट आहे. सिनेमातले सुपरमॅन ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ च्या मे महिन्यात घोड्यावरून पडले आणि मानेत अगदी वर मार बसल्यामुळे व्हेंटिलेटरवर गेले, २००३ साली त्यांच्या डायफ्राममध्ये इलेक्ट्रोड बसवले गेले, ही शस्त्रक्रिया झालेल्या पहिल्या काही रुग्णांपैकी ते एक, आणि त्यांना रोज काही वेळ व्हेंटिलेटरशिवाय काढता येऊ लागला. पण पेसर चालायला फ्रेनिक नर्व्ह आणि तिच्या मूळ पेशी शाबूत असाव्या लागतात. मारच सी-३ ते सी-५ वर बसून त्या पेशी मेल्या असतील तर करंट कुणाला देणार? शिवाय पेसर खोकला देत नाही. मला रीव्ह यांच्या बाबतीतली एक गोष्ट राहून राहून आठवते. २००० साली अमेरिकेत एका जाहिरातीत कॉम्प्युटरच्या करामतीने त्यांना चालताना दाखवलं होतं. ते जगभर गाजलं, त्यावर टीकाही भरपूर झाली, काही लोकांना तर ते खरंच बरे झाले असं वाटलं. त्यानंतर तीन वर्षांनी त्यांना प्रत्यक्षात मिळालेला श्वास मात्र त्या खोट्या पावलांइतका लोकांच्या लक्षात राहिला नाही, असं का? माणूस तोच आहे, आणि दोन्हींत खरा असलेला बदल हा दुसराच होता.

आता जास्त वजनदार मुद्दा. रुग्णांना काय हवंय ते रुग्णांनाच विचारा ना. बरोबर आहे, आणि विचारलंही गेलंय. किम अँडरसन या संशोधक, ज्यांना स्वतःला मानेच्या मणक्याची इंज्युरी आहे, त्यांनी २००४ साली ६८१ लोकांची उत्तरं प्रसिद्ध केली. चारही हातपाय गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी सगळ्यात आधी हात आणि बोटं परत हवीत असं सांगितलं, चालणं हे त्यांच्या आणि फक्त पाय गेलेल्यांच्या, अशा दोन्ही गटांत पहिल्या नंबरला आलं नाही. म्हणजे "चालायला कधी लागणार" हा जो प्रश्न आपण त्यांच्या वतीने विचारतो तो बहुतांश आपलाच आहे. पण या अभ्यासातून श्वासाची बाजूही सिद्ध होत नाही, कारण निवडीसाठी दिलेल्या सात पर्यायांत हात, धडाचा तोल, मूत्राशय-आतडी, लैंगिक क्षमता, दुखणं, संवेदना आणि चालणं एवढंच होतं. श्वास तिथे नव्हताच. मी याचा दोष त्या अभ्यासाला देत नाही, त्याने फार मोठं काम केलं. पण ज्या गोष्टीबद्दल विचारलंच गेलं नाही तिला मागणी नाही असं कसं म्हणायचं? आणि ज्यांना श्वासाची सगळ्यात जास्त गरज होती त्यातले बरेच जण उत्तर द्यायला उरलेच नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवं.

उंदरांवरचा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. प्रयोगशाळेत सी-२ ला मज्जारज्जूची एक बाजू स्वच्छ कापतात, माणसाच्या अपघातात असं काही होत नाही, तिथे हाड आत घुसतं, चेंदामेंदा होतो, रक्तस्राव होतो, सूज येते. उंदीर लहान, त्याच्यात वाढायचं अंतर मिलिमीटरचं, माणसात ते कित्येक पट. प्रयोगशाळेत उत्तम चाललेल्या कितीतरी गोष्टी माणसापर्यंत पोचता पोचता गळून पडल्या. हे सगळं खरं आहे आणि जो संशोधक हे लपवतो त्याच्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. पण मग श्वासच का निवडायचा, याचं उत्तर याच प्रयोगात आहे. १८९५ साली हार्वर्डमधल्या विल्यम पोर्टर यांनी प्राण्याच्या मज्जारज्जूची एक बाजू कापली, त्या बाजूचा डायफ्राम थांबला. मग त्यांनी दुसऱ्या, चांगल्या बाजूची फ्रेनिक नर्व्ह कापली. अपेक्षा काय, तर आता दोन्ही बाजू बंद. झालं उलटं, मेलेली वाटणारी बाजू हलायला लागली. म्हणजे एका बाजूकडून दुसरीकडे ओलांडून जाणारे धागे तिथे आधीपासून होते, फक्त गप्प होते, आणि शरीराची निकड वाढल्यावर ते बोलायला लागले. जखमेनंतर मज्जारज्जूत काहीतरी शिल्लक असतं आणि ते जागं करता येतं, याचा इतका स्पष्ट पुरावा त्या काळात दुसरा कुठला होता? पाय हलवायला प्राण्याला शिकवावं लागतं, उत्तेजन द्यावं लागतं. श्वास तर माणसातसुद्धा दिवसातून वीसेक हजार वेळा आपोआप चालू असतो, त्यामुळे एखादा उपाय लागू पडला की नाही ते प्रत्येक श्वासाला मोजता येतं.

आणि तिथून काही आलंच नाही असंही नाही. २०११ साली वॉरन अलिलेन आणि जेरी सिल्व्हर यांच्या गटाने उंदरांमध्ये हाता-पायाकडे जाणाऱ्या नसांसारख्या एका नसेचा पूल जखमेवरून टाकला, त्याबरोबर जखमेभोवतीचं वाढ रोखणारं जाळं विरघळवणारं एन्झाइम दिलं, आणि अर्धा डायफ्राम पुन्हा चालला. २०१८ साली अलिलेन यांच्याच गटाने दाखवलं की इंज्युरीला दीड वर्ष झाल्यावर दिलेलं तेच एन्झाइमसुद्धा काम करतं, आणि उंदराच्या आयुष्यात दीड वर्ष म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य. "सहा महिन्यांत आलं तर आलं, नंतर काही येत नाही" हे वाक्य किती घरांत सांगितलं गेलंय, त्या वाक्याला कुठेतरी तडा देणारा हा निकाल आहे. माणसावरचा इलाज अजून नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं.

दुसरं उदाहरण तर मला या वादातलं सगळ्यात बोलकं वाटतं. थोडा वेळ कमी ऑक्सिजनची हवा, मग साधी हवा, पुन्हा कमी ऑक्सिजन, असे छोटे छोटे आलटूनपालटून डोस दिले की फ्रेनिक नर्व्हमधून जाणारा आदेश वाढतो आणि डोस थांबल्यावरही वाढलेला राहतो, हे श्वासाच्या प्रयोगशाळांनी शोधलं. त्यामागे सेरोटोनिन नावाचं रसायन आहे, बीडीएनएफ नावाचं प्रथिन आहे, हे कोडं गॉर्डन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं प्राण्यांवर सोडवलं, २००४ सालचा त्यांचा पेपर त्यातला मैलाचा दगड. आणि मग हीच युक्ती अपूर्ण इंज्युरी असलेल्या, म्हणजे मज्जारज्जूतले काही धागे शाबूत राहिलेल्या माणसांवर वापरली गेली तेव्हा काय सुधारलं? २०१२ मध्ये घोट्याची ताकद, आणि २०१४ मध्ये चालण्याच्या सरावाबरोबर पाच दिवस दिल्यावर चालण्याचा वेग आणि दम. (हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून केलेलं काम आहे, घरी कुणीही करून बघू नये, जास्त प्रमाणात तीच गोष्ट घातक आहे.) तर "उंदरांचा श्वास सोडा, पायांकडे वळा" म्हणणाऱ्यांना मी विचारते, पायांकडे जाणारी ही वाट सापडली कुठे? श्वासाच्या संशोधकांना त्या काळात कुणी जबरदस्तीने पायांकडे वळवलं असतं तर ती सापडली असती का?

मोठ्या इलाजाची घाई काय करते याचं उदाहरणही याच क्षेत्रात आहे. १९९० साली मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या डोसचा अभ्यास आला, थोडा फायदा दिसला आणि बघता बघता तो जगभर रूढ झाला, न देणं म्हणजे हलगर्जीपणा अशी हवा तयार झाली. १९९७ साली आलेल्या पुढच्या अभ्यासात ४८ तास औषध घेतलेल्यांत गंभीर न्यूमोनिया आणि सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनणारं जीवघेणं इन्फेक्शन, जास्त दिसले. २०१३ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन्सच्या मार्गदर्शक सूचनांनी हे औषध देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. हातापायांची ताकद किती वाढली ते इतक्या बारकाईने मोजणाऱ्यांच्या हातून फुप्फुसांची किंमत हिशोबात यायला किती वर्षं गेली ते बघा. याच्या उलट लुडविग गुटमन. नाझी जर्मनीतून पळून आलेला हा न्यूरोसर्जन, नसांवर संशोधन केलेला माणूस, १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला मणक्याच्या रुग्णांचं केंद्र सुरू करतो. त्याआधी पहिल्या महायुद्धात अशा जखमींपैकी बहुतेक जण काही महिन्यांत जात असत. गुटमन यांच्याकडे मज्जारज्जू जोडणारी जादू नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीचं इन्फेक्शन होऊ न देणं, माणसाला कामाला आणि खेळाला लावणं, एवढंच होतं. कुणाचेही पाय परत आले नाहीत, पण माणसं जगली, म्हातारी झाली. ते यश नव्हतं का?

आणि गुटमन यांचं यश पसरलं कसं? तर त्यांनी नर्सेस आणि डॉक्टरांना शिकवलं म्हणून. इथे मी शिकवण्याच्या मुद्द्याकडे येते. संशोधकाने शिकवण्यात तास घालवू नयेत या म्हणण्यात तथ्य आहे, तास मर्यादित असतात, पेपर तपासणं, हजेरी, मीटिंगा यात चांगल्या माणसाची वर्षं जातात. शिवाय उत्तम संशोधक वाईट शिकवतो आणि अजिबात संशोधन न करणारा अप्रतिम शिकवतो, हेही मी दोन्ही बघितलंय. तरी माझं मत बदलत नाही, कारण या आजारात ज्ञान आणि रुग्ण यांच्यामधली दरी शिकवण्याचीच आहे. साधी गोष्ट घ्या. दम लागलेल्या रुग्णाला आपण उठून बसवतो, सगळ्या विद्यार्थ्यांना तेच शिकवलेलं असतं. मानेची इंज्युरी झालेल्याचं उलटं असतं. पोटाचे स्नायू ढिले पडल्यामुळे बसवलं की पोट पुढे लोंबतं, डायफ्राम खाली सपाट होतो आणि त्याला खेचायला जागाच राहत नाही. आडवं झोपवलं की पोट डायफ्रामला वर ढकलतं आणि श्वास मोठा होतो. बसवायचंच असेल तर पोटाला पट्टा बांधतात. या ज्ञानाला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, पण रात्री अडीच वाजता ड्युटीवर असलेल्या ज्युनियरला ते माहीत नसेल तर तो भल्या हेतूनेच रुग्णाला उठवून बसवेल आणि मग विचार करत बसेल की हा आणखी का दमतोय. तसंच बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ९७ दिसतोय म्हणून निश्चिंत होणं, कारण ऑक्सिजन लावलेला असताना आत कार्बन डायऑक्साइड चढत गेला तरी तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो. तसंच, पहिल्या दिवशी बरा श्वास घेणारा सी-४ चा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दमून कोसळू शकतो, हे.

हे सगळं पुस्तकात आहे, मान्य. पण ज्याने स्वतः शंभर वेळा हे मोजलंय तो शिकवतो तेव्हा विद्यार्थ्याला नुसता नियम मिळत नाही, नियमामागचं कारण मिळतं, आणि रुग्ण नियमात बसत नाही तेव्हा कारणच कामाला येतं. इब्सेन यांनी ओळखलं होतं की ते रुग्ण विषाणूने मेंदू गेल्यामुळे नाही तर कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे मरतायत, हे ऑपरेशन थिएटरमधलं फिजिऑलॉजी होतं. आणि त्या १५०० विद्यार्थ्यांना ते समजावून सांगितलं गेलं नसतं तर ती पिशवी दाबली कुणी असती? उलट दिशेनेही तेवढंच खरं आहे, विद्यार्थी असे प्रश्न विचारतात जे प्रयोगशाळेत रुळलेल्या माणसाला सुचत नाहीत. "मॅडम, सगळे डायफ्रामच मोजतात, खोकला कुणी का मोजत नाही?" असं मला एका मुलीने विचारलं होतं, त्या दिवशी माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

म्हणून संशोधकाला शिकवण्यातून मोकळं करा म्हणणाऱ्यांना मी म्हणेन, त्याला कारकुनीतून मोकळं करा, वर्गातून नको. आणि पैसा देणाऱ्यांना म्हणेन की अर्जात "रुग्ण किती पावलं चालेल" हा रकाना ठेवता तसे आणखी काही रकाने ठेवा, व्हेंटिलेटरशिवाय किती तास, खोकल्याचा जोर किती, वर्षात न्यूमोनिया किती वेळा.

एक फार जुनी बेडसाइड टेस्ट आहे, मी दर वर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला घेते. पूर्ण श्वास भरायचा आणि एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायचे. धडधाकट मुलं-मुली पन्नासच्या आसपास सहज जातात, एकमेकांशी चढाओढ लावतात. मग मी त्यांना सांगते की समजा मानेला मार बसलेला तुमच्याच वयाचा एक मुलगा आहे, मागच्या महिन्यात तो अकरापर्यंत पोचायचा, पट्टा, श्वासाचे व्यायाम आणि कफ काढायची नीट पद्धत सुरू केल्यावर आज एकोणीसपर्यंत पोचला. पाय अजून तसेच आहेत. आता त्याच्या केस पेपरवर तुम्ही काय लिहाल, "सुधारणा नाही"?